दहा गोलांवरून दोनवर

गौरी आवाहनाचा दिवस म्हणजे आमच्या डेस्कवर रजांचा दिवस. २०२३ साली तो २१ सप्टेंबरला आला आणि क्रीडा पानावर मी एकटीच होते. बेळगावात गणपतीच्या दिवसांत जाहिराती दाबून येतात, पानावर बातमीला जागा उरते ती जेमतेम. त्यात चीनमध्ये आशियाई स्पर्धा लागलेल्या. उद्‌घाटन २३ तारखेला होतं, पण फुटबॉलचे सामने आधीच सुरू झाले होते आणि २१ ला एकाच दिवशी भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ खेळणार होते.

दुपारी पुरुषांनी बांगलादेशला १-० असं हरवलं. शेवटच्या टप्प्यात सुनील छेत्रीनं पेनल्टीवर गोल केला आणि आमची लीड, म्हणजे पानाची मुख्य बातमी, ठरली. वृत्तसंपादक म्हणाले, "छेत्रीचा फोटो चार कॉलम घ्या. महिलांचं जे होईल ते सिंगल कॉलममध्ये टाका."

मला ते पटलं नाही. हा महिला संघ स्पर्धेला जाणार की नाही, हेच जुलैपर्यंत ठरत नव्हतं. आशियात पहिल्या आठांत असलेलेच संघ पाठवायचे, असा क्रीडा मंत्रालयाचा निकष होता आणि दोन्ही फुटबॉल संघ त्यात बसत नव्हते. पुरुष संघाच्या प्रशिक्षकांनी थेट पंतप्रधानांना साकडं घातलं, त्यावर रकानेच्या रकाने भरले. त्याच निकषात अडकलेल्या मुलींवर कुणी फारसं लिहिलं नाही. जुलैच्या अखेरीस सवलत मिळाली तेव्हा त्याही गेल्या.

त्यांचा सामना वेन्झोला, चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी होता. आपल्याकडे सहा वाजून गेले असतील, तेवढ्यात ऑफिसात तिघी मुली आल्या. लेले मैदानावरून सराव संपवून थेट आलेल्या. मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, नडगीवर वाळलेली तांबडी माती. हातात त्यांच्या स्पर्धेच्या निकालाचं पत्रक, वहीच्या कागदावर बॉलपेननं लिहिलेलं. गोल करणाऱ्यांची नावं होतीच, पण गोलकीपरचं नावही अधोरेखित केलेलं होतं. पत्रक टेबलावर ठेवून त्यातली उंच पोरगी म्हणाली, "मॅडम, उद्या लावतासा न्हवं? आणि आपल्या पोरींचं काय झालं ओ?"

मी मोबाईल पुढे केला. भारत १, चायनीज तैपेई ०. उत्तरार्ध सुरू होताच अंजू तमांगनं गोल केला होता. मला वाटलं ओरडतील, पण त्या उंच पोरीनं आधी विचारलं, "किती मिनिटं राहिली?" तीच गोलकीपर होती, हे तेव्हा कळलं. मग तिघीही टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि दर मिनिटाला स्कोर बघत राहिल्या.

बरोबरी झाली तेव्हा ती म्हणाली, "आता जड जाणार. सत्तर मिनिटं झाली की पाय ऐकत नाहीत ओ मॅडम. बदली कोण उतरवली बघा की." आणि सामना संपत आला असताना दुसरा गोल झाला. १-२. तिनं कपाळावर हात मारला नाही की हळहळ केली नाही. गोल कुठून झाला, तेवढं विचारलं. वृत्तसंस्थेच्या कॉपीत ते अजून आलं नव्हतं.

मुली गेल्या आणि मी जुनी आकडेवारी काढली. याआधी भारताच्या मुली या स्पर्धेत खेळल्या होत्या २०१४ ला, इंचॉनमध्ये. तिथं मालदीवला १५-० हरवलं, पण थायलंडकडून ०-१० आणि कोरियाकडूनही ०-१०. २०१८ ला फुटबॉलचा संघ पाठवलाच नाही. म्हणजे नऊ वर्षांनी मिळालेली संधी, समोर आशियातला तगडा संघ आणि पंधरा-वीस मिनिटं आघाडी. ही बातमी सिंगलमध्ये कशी मावणार?

वृत्तसंपादकांचं म्हणणं एकच, "हरलेल्या सामन्याला किती जागा द्यायची?" मी त्यांच्यापुढे फक्त तो कागद ठेवला. २०१४ चे तीन स्कोर, खाली आजचा. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची वेळ होत आलेली, ऑपरेटर माऊसवर हात ठेवून आमच्याकडे बघतोय. ते दोनदा कागद वाचून म्हणाले, "छेत्री तीन कॉलम करा. हे तीन कॉलम, आणि आकड्यांची चौकट." खानापूर-चंदगडच्या गाड्यांत तेच पान गेलं. मुलींचा निकालही गेला, गोलकीपरच्या नावासकट.

रविवारी, २४ तारखेला, थायलंडशी सामना होता. इंदूरला भारतानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३९९ धावा केलेल्या, पान क्रिकेटनं भरून वाहत होतं. मुली ०-१ अशा हरल्या आणि स्पर्धेबाहेर गेल्या. मी कॉपी उघडत होते, तोवर मागून वृत्तसंपादकांचा आवाज आला, "हेच ना ते थायलंड, मागं दहा गोल केलेलं? तो आकडा वर घ्या."

मी घेतला. दोन कॉलम, क्रिकेटच्या शेजारी.