भावाचं बँक स्टेटमेंट

माझा धाकटा भाऊ जुगार खेळायचा. मोबाइलवर, बहुतेक वेळा रात्री, घरातले सगळे झोपल्यावर. हे मी त्याला विचारून लिहिते आहे. त्याने मजकूर वाचला, एक-दोन ठिकाणी "ताई, हे असं नव्हतं" म्हणून दुरुस्त्या सुचवल्या आणि नाव तेवढं घालू नकोस म्हणाला.

मी हिशेबाचं काम करते. दुसऱ्यांची खाती तपासणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे त्याने शेवटी तोंड उघडलं तेव्हा मी सगळ्यात आधी त्याचं बँक स्टेटमेंट मागितलं. त्यात जे दिसलं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पगार जमा झाला त्या रात्रीचं पान घ्या. साडेअकराला एक छोटी रक्कम गेली. बाराच्या सुमारास परत तेवढीच. पाऊणला दुप्पट, सव्वाला त्याच्याही दुप्पट. मग मध्येच एक जमा दिसते, चांगली घसघशीत. म्हणजे तो जिंकला होता! आणि पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात तीच रक्कम तुकड्यातुकड्यांनी परत गेलेली. तीननंतर गोल आकडे संपतात. तिथून पुढे खात्यात उरलं असेल तेवढं सगळं, पै न् पै, वेडेवाकडे आकडे. खेळायला बसलेला माणूस गोल आकडा लावतो. जे काही शिल्लक आहे ते लावणारा माणूस तेव्हा खेळत नसतो, तो हरलेले पैसे परत आणायला धावत असतो.

त्याला ते पान दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, तीननंतर मला जिंकायचं नव्हतंच. फक्त त्या दिवसाचं मायनस शून्यावर आणायचं होतं."

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत १९८० साली जुगाराच्या आजाराची पहिल्यांदा नोंद झाली, पण तेव्हा तो मनावर ताबा नसण्याच्या विकारांत मोडत होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला दारू आणि इतर नशांच्या व्यसनांशेजारी बसवलं. तिथे नऊ लक्षणं दिली आहेत आणि वर्षभरात त्यातली चार किंवा जास्त आढळली तर निदान होतं. हरलेलं भरून काढायला दुसऱ्या दिवशी परत येणं हे त्यातलं एक. बाकीची लक्षणंही घरातल्यांना ओळखीची वाटतील: तेवढीच मजा यायला रक्कम वाढवत नेणं, थांबवलं की चिडचिड, बंद करायचे फसलेले प्रयत्न, सतत तोच विचार, उदास वाटलं की खेळायला बसणं, खोटं बोलणं, नोकरी किंवा नातं पणाला लावणं, आणि फेडण्यासाठी दुसऱ्यांकडे हात पसरणं.

एवढी यादी कोण बसून तपासणार असं वाटत असेल तर दोनच प्रश्न विचारा. तज्ज्ञ चाळणी म्हणून तेच वापरतात. अधिकाधिक पैसे लावावेसे वाटले का? आणि किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर हो असेल तर कुणाशी तरी बोलायची वेळ आली आहे.

मी आकड्यांची माणूस असल्यामुळे "एकदा मोठा डाव लागला की थांबणार" या वाक्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण प्रत्येक जुगाऱ्याच्या घरात हे वाक्य ऐकू येतं. रुलेट म्हणजे लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकावर गोळी टाकून ती कुठे पडते यावर पैसे लावायचा खेळ. दोन शून्यं असलेल्या रुलेटच्या चाकावर ३८ घरं असतात. एका आकड्यावर लावून जिंकलात तर लावलेले परत मिळून वर ३५ पट मिळतात. या फरकामुळे लावलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी ५.२६ चालवणाऱ्याकडे जातात. ऐकायला हे फारसं वाटत नाही, शंभरातले पाच गेले तर करमणुकीचा खर्च म्हणून सोडून देता येतील. पण ही कपात तुम्ही घरून आणलेल्या रकमेवर एकदाच होत नाही, ती प्रत्येक डावावर होते. जिंकलेले परत लावले की त्यावर पुन्हा होते. शंभर घेऊन बसलात आणि हातातलं सगळं दहा वेळा फिरवलंत तर सरासरी ५८ उरतात, वीस वेळा फिरवलंत तर ३४. मोबाइलवर वीस डाव व्हायला किती वेळ लागतो ते ज्याने खेळलंय त्याला माहीत आहे. म्हणून मोठा डाव लागूनही काही वाचत नाही. स्टेटमेंटमधली ती घसघशीत जमा आठवा.

"एवढे हरलोय, आता तरी लागेल" हेही तसंच. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटची गोळी सलग २६ वेळा काळ्यावर पडली. आता लाल येणारच म्हणत लोक लालवर लावत गेले आणि धुऊन निघाले. गोळीला मागचा डाव आठवत नसतो.

या सगळ्यात बुद्धी कमी पडते असं नाही. माझा भाऊ माझ्यापेक्षा हुशार आहे, ही टक्केवारी त्याला तोंडी काढता येते. पण बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की ती कृती सुटता सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. थोडक्यात हुकलेला डाव तर आणखीच वाईट. २००९ साली केंब्रिजच्या संशोधकांनी चित्रं जुळवायच्या स्लॉट मशीनसारखा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. जुळणारं चित्र एका घराने हुकलं की जिंकल्यावर जागे होतात तेच भाग जागे होत होते. हार ती हारच, पण मेंदू ती जवळजवळ जीत म्हणून घेतो आणि बोट पुन्हा बटणावर जातं. म्हणून "मनाचा निग्रह कर रे" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. रात्री दोन वाजता, हरत असताना निग्रह कुठून येणार? जे काही ठरवायचं ते दिवसा, शांत डोक्याने ठरवावं लागतं, आणि अशा रीतीने की रात्री ते मोडताच येऊ नये.

ज्यांचा खेळ अजून करमणुकीपुरता आहे त्यांच्यासाठी कॅनडाने २०२१ मध्ये काढलेली मर्यादा मला सगळ्यांत स्पष्ट वाटते. घराच्या करपूर्व मासिक उत्पन्नाच्या एक टक्क्याहून जास्त लावू नका, महिन्यातून चार दिवसांहून जास्त खेळू नका, आणि दोनहून जास्त प्रकारचे जुगार नियमित खेळू नका. माझ्याकडून त्यात एवढी भर: उसन्या पैशांनी कधीच नाही, भांडण झालेल्या दिवशी नाही, आणि जिंकलेली रक्कम खात्यात यायला वेळ लागत असेल तर तोवर ती परत डावात घ्यायच्या बटणाला हात लावू नका. ते बटण तुमच्या सोयीसाठी ठेवलेलं नाही. अॅपमध्ये ठेवीची मर्यादा घालता येत असेल तर पहिल्याच दिवशी घाला. ही चौकट पाळता येत नाही असं लक्षात आलं की ती आणखी ताणून बघण्यात अर्थ नाही. मग पूर्ण थांबणं आणि मदत घेणं, हाच रस्ता.

आता पैशांबद्दल. घरचे लोक इथेच अडकतात.

भावाचं पहिल्यांदा बाहेर आलं तेव्हा आमच्या मामांनी सगळं कर्ज एका दिवसात फेडून टाकलं. प्रेमापोटीच केलं. पोराच्या मानेवरचं ओझं उतरलं की तो सरळ होईल असं त्यांना वाटलं. झालं उलटंच. सगळी क्रेडिट कार्डं कोरी झाली आणि कर्ज देणाऱ्या अॅपनी मर्यादा वाढवून दिली. दुसऱ्याने फेडणं हे लक्षणांच्या यादीत आहे ते उगाच नाही.

पुढच्या खेपेला आम्ही रोख रक्कम कुणीच द्यायची नाही असं ठरवलं. घरभाडं थकलं असेल तर थेट घरमालकाला, फी राहिली असेल तर थेट शाळेत. त्याच्या हातात नाही. मग एका रविवारी दिवसाउजेडी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. देणी किती, कुणाची, व्याज किती, एक तक्ता केला. सगळ्यात जास्त व्याजाचं वर. धनकोंना फोन त्यानेच केले, मी फक्त शेजारी बसले. हप्ते लांबवून द्या म्हणून विचारलं तर बरेच जण ऐकतात, आधी कुणी विचारलेलं नसतं एवढंच. मित्रांकडून घेतलेली उधारी तक्त्यात सगळ्यांत शेवटी आली. ती सांगायला त्याला सगळ्यांत जड गेलं.

त्याच्याच संमतीने पगार अशा खात्यात वळवला, जिथून पैसे काढायला माझी मंजुरी लागते. त्याला आठवड्याचा खर्च वेगळ्या खात्यात मिळतो. कार्डांचे ऑनलाइन व्यवहार बंद केले. ज्या साइटवर खेळत होता तिथे स्वतःला वगळण्याचा, म्हणजे मला इथे खेळू देऊ नका असा, अर्ज त्यानेच भरला. फोनवर जुगाराच्या साइट अडवणारं अॅप टाकलं. बेटब्लॉकर नावाचं अॅप एक धर्मादाय संस्था फुकट देते. यातला कुठलाच अडसर अभेद्य नाही, आणि तशी गरजही नाही. ओढ लाटेसारखी येते आणि बराचदा काही वेळात ओसरते. मधला अर्धा तास पैशापर्यंत हात पोचू नये, एवढंच काम या सगळ्याचं.

त्याने पहिली मदत फोनवर नाही, टाइप करून मागितली. बोलायची लाज वाटत होती. गॅम्बलिंग थेरपी ही ऑनलाइन सेवा अनेक भाषांत फुकट मदत करते. मग त्याला गॅम्बलर्स अॅनॉनिमसची ऑनलाइन सभा सापडली. ही संघटना १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली. सभेला यायची एकच अट आहे, जुगार थांबवायची इच्छा. तिथले जुने सदस्य नव्याच्या कर्जांचा, खर्चाचा कागद घेऊन त्याच्यासोबत बसतात, हे कळल्यावर मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटला. घरच्यांसाठी गॅम-अॅनॉन हा वेगळा गट आहे. खेळणारा माणूस यायला तयार नसला तरी आई, बायको, बहीण एकटी जाऊ शकते. आईला मी तिथेच बसवलं. दुसऱ्या कुणाची तरी आई तेच सांगते आहे हे ऐकून ती त्या रात्री शांत झोपली.

सभेबरोबर समुपदेशकही हवा. जुगारासाठी सगळ्यात जास्त आधार कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीला आहे. कुठल्या वेळी, कुठल्या मनःस्थितीत हात फोनकडे जातो ते शोधून तिथे दुसरं काहीतरी बसवायचं, अशी ती चालते. काही मानसोपचारतज्ज्ञ नाल्ट्रेक्सोनसारखं औषधही देऊन बघतात. एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: पार्किन्सनच्या आजारात देतात ती प्रामिपेक्सोलसारखी औषधं काही जणांमध्ये जुगाराची ओढ निर्माण करतात. घरातले आजोबा उतारवयात अचानक पैसे लावायला लागले तर त्यांना बोलण्याआधी औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. औषध मात्र मनाने बंद करू नका.

आणि आत्महत्येबद्दल विचारा. कर्जात बुडालेल्या जुगाऱ्यांमध्ये हा धोका खराच जास्त असतो. मी भावाला सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलेला बाहेर येतो. तो हो म्हणाला. त्या रात्री त्याला एकटं ठेवलं नाही आणि सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात होतो. असं उत्तर मिळालं तर पैशांचा हिशेब बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर किंवा तातडीची सेवा गाठा.

मध्ये एकदा तो घसरला. आमच्यात ठरलेलं होतं की असं झालं तर त्याच दिवशी सांगायचं आणि मी आरडाओरडा करायचा नाही. संध्याकाळी आला आणि म्हणाला, "ताई, आज खेळलो." आम्ही बसून वाट शोधली, पैसे कुठून आले? वापरात नसलेल्या एका जुन्या वॉलेटमधून. ते बंद केलं आणि जेवायला बसलो.

तुम्ही हे रात्री वाचत असाल आणि खात्यात अजून काही शिल्लक असेल, तर आत्ता ती रक्कम घरातल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाच्या खात्यावर पाठवा. कारण लिहायची गरज नाही. उद्या सकाळी त्याचा फोन येईल, का पाठवलेस म्हणून विचारेल. तेव्हा सांगा.