गाभण काळाची नोंदवही: दुसरी खेप

गेल्या एप्रिलमध्ये माझी यॉर्कशायर या विलायती जातीच्या रक्ताची डुकरीण नराकडे नेऊन दहा दिवस तिथेच ठेवली आणि अकराव्या दिवशी भर दुपारच्या उन्हात टेम्पोतून वेंगुर्ल्याला परत आणली. एकविसाव्या दिवशी ती उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दोष नराचा असावा असे मी धरून चाललो होतो, पण तो माझ्या वेळापत्रकाचा होता. त्यामुळे या खेपेस पहिल्या महिन्याची नोंद मी सर्वांत बारकाईने ठेवली आहे.

डुकरिणीच्या गर्भाशयाची रचना मला पुस्तकातून नव्हे, तर शेजारच्या माईंकडे नाताळाच्या आधी कापलेल्या म्हाताऱ्या डुकरिणीमुळे समजली. सोरपोतेल या आंबट-तिखट रश्श्यासाठी काळीज, हृदय, जीभ आणि गुर्दे वेगळे काढून झाले होते, चोरीसांसाठी, म्हणजे आतड्यात मसालेदार मांस भरून करायच्या सॉसेजसाठी, आतडी धुण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्या ढिगाऱ्यात आतड्यासारखीच वेटोळी पण जाड, गुलाबी आणि पिळदार अशी गर्भाशयाची दोन लांब शिंगे, म्हणजे त्याचे दोन फाटे, हाती लागली. प्रत्येक शिंग माझ्या हातापेक्षा लांब होते. "ह्याच्यातच पिल्लां वाढतत रे," माई म्हणाल्या आणि ती बाजूला सारून चरबी कढवायला बसल्या. दहा-बारा पिल्ले एका ओळीत मावायची तर जागा लांबटच हवी, हे त्या क्षणी लख्ख कळले.

या वेळी पाऊस नीट लागून हवा थंडावल्यावर, १४ जूनला, पाठीवर हात दाबताच डुकरीण पाय रोवून निश्चल उभी राहिली; हीच माजाची खूण. त्या दिवशी एकदा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा नर दाखवला, आणि तिसऱ्या दिवशी तिला घरी आणून पुढचा महिनाभर गोठ्यातून हलवले नाही. कारण असे की फलित अंडी दोन-तीन दिवसांत गर्भाशयात उतरतात आणि दोन्ही शिंगांत पसरतात, पण लगेच चिकटत नाहीत. दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत वाटाण्याएवढा गोल असलेला गर्भ त्यानंतर झपाट्याने लांबतो आणि सोळाव्या दिवसाच्या सुमारास जवळपास मीटरभर लांबीचा, सुतासारखा बारीक धागा होतो. अकराव्या-बाराव्या दिवशी हेच गर्भ इस्ट्रोजेन हे संप्रेरक सोडून आपण आल्याची वर्दी आईला देतात. ती देणारे किमान चार गर्भ नसतील, तर डुकरीण बहुधा उलटते. माझा टेम्पो नेमका त्याच दिवसांत धावला होता.

५ जुलैला, म्हणजे एकविसाव्या दिवशी, माज आला नाही. सुमारे पस्तिसाव्या दिवसापासून गर्भाची हाडे धरू लागतात. त्याआधी मेलेला गर्भ शरीरात जिरून जातो, नंतर मेलेला मात्र वाळून तसाच राहतो. मधल्या दोन महिन्यांत लिहिण्यासारखे काही घडले नाही. शेवटच्या महिन्यात पिल्लांचे वजन सर्वाधिक वाढते, म्हणून तेव्हा खाद्य थोडे वाढवले. त्याआधी वाढवले तर आईच तेवढी लठ्ठ होते.

एकशे चौदा दिवसांच्या हिशेबाने ६ ऑक्टोबर ही तारीख येत होती. ४ तारखेच्या संध्याकाळपासून ती गवत तोंडाने ओढून कोपऱ्यात रचू लागली, सड पिळताच दूध आले आणि ५ तारखेच्या पहाटे साडेतीन तासांत नऊ जिवंत पिल्ले आणि एक मेलेले बाहेर आले. चार पिल्ले मागच्या पायांनी आली, पण डुकरांत ते सर्रास घडते, त्यामुळे मी हात घातला नाही. वारेसोबत काळपट, चामड्यासारखे वाळलेले एक पिल्लूही पडले. शिंप्याच्या फितीने मोजले तर डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत १२ सेंटीमीटर भरले, म्हणजे ते दोन महिन्यांच्या आसपास गेले असावे.

डुकराची वार आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये, म्हणजे रोगांशी लढणारी द्रव्ये, गर्भाकडे जाऊ देत नाही, त्यामुळे पिल्लू जन्मते तेव्हा रोगांपुढे उघडेच असते आणि चीक हेच त्याचे पहिले कवच ठरते. गाईच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारत खातो, पण इथे थेंबही वाया घालवू नये. पहिल्या दिवसानंतर आतडे ती द्रव्ये शोषून घेणे बंद करते, म्हणून ९०० ग्रॅमच्या सर्वांत लहान पिल्लाला मी दर तासाला पुढच्या सडाला लावले, कारण पुढच्या सडांना दूध अधिक असते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून लोहाचे इंजेक्शन दिले. दुधातून मिळणारे लोह पिल्लांना पुरत नाही.

आता पिल्ले तीन आठवड्यांची आहेत आणि नऊही जगली आहेत. चार नरांचे खच्चीकरण दुसऱ्या आठवड्यातच करून घेतले, कारण वयात आलेल्या नराच्या मांसाला येणारा उग्र वास व्हिनेगरमध्ये मुरवूनही पुरता जात नाही. ३० नोव्हेंबरला पिल्ले आईच्या दुधावरून तोडायची आहेत आणि त्यानंतर साधारण पाचव्या दिवसापासून माज आला का हे पाहण्यासाठी रोज सकाळी आईच्या पाठीवर हात दाबून पाहायचा आहे.