दादाच्या ऑपरेशनआधीचे दोन नकाशे

मागच्या पावसाळ्यात रोप लावताना दादाला पहिली फिट आली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून बेळगावला पोचेपर्यंत तो बोलायला लागला होता, पण एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. हळू वाढणारी, पण बोलण्याच्या आणि उजव्या हातापायाच्या वाटांना अगदी खेटून.

सर्जननी डीटीआय, म्हणजे एमआरआयचाच एक खास प्रकार, करायला सांगितलं. साध्या एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग एकसारखा दिसतो, कुठला तंतू कुठे जातो ते कळत नाही. डीटीआय पाण्याच्या हालचालीवरून ते ताडतो. तंतूच्या लांबीने पाणी सहज सरकतं, आडवं कमी. त्यावरून कॉम्प्युटर रेघा ओढतो: वर-खाली जाणाऱ्या निळ्या, पुढे-मागे हिरव्या, डावी-उजवीकडे लाल.

पहिल्या नकाशात बोलण्याची हिरवी कमान गाठीपाशी तुटलेली होती. पायाकडची निळी दोरी ठीक, पण चेहऱ्याचा फाटा दिसतच नव्हता. माझ्या पोटात गोळा आला. मी विचारलं, "डॉक्टर, तिथलं सगळं गेलंच का हो?" त्यांनी खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं. गाठीभोवती सूज असली की पाण्याची दिशा पुसट होते, रेघ मधेच थांबते, तंतू मात्र शाबूत असू शकतो. आणि डीटीआयच्या गणितात चित्रातल्या एका ठिपक्याला एकच मुख्य दिशा मिळते. चेहऱ्याचे तंतू दुसऱ्या तंतूंच्या जुड्यांना छेदून जातात, तिथे ते गणित फसतं.

पहिला स्कॅन १२ दिशांचा होता, म्हणजे पाण्याची हालचाल १२ दिशांनी मोजलेली. त्या गणिताला किमान सहा पुरतात, पण छेदणारे तंतू वेगळे काढायला जास्त लागतात. म्हणून ६४ दिशांचा स्कॅन पुन्हा केला. दादा सगळा वेळ जराही हलला नाही. नव्या गणिताने कमान जुळली, चेहऱ्याचा फाटाही आला.

मला वाटलं, सुटलो. पण याही नकाशावर डॉक्टर डोळे झाकून विश्वास ठेवायला तयार नव्हते. २०१७ साली जगभरच्या २० संशोधक गटांच्या अशा रेघा ओढण्याच्या पद्धतींची तुलना प्रसिद्ध झाली, त्यात खऱ्या जुड्यांपेक्षा खोट्याच जास्त निघाल्या होत्या. शिवाय कवटी उघडली की मेंदू जागचा सरकतो आणि आधीचा नकाशा तितका चुकतो. म्हणून दादाला जागं ठेवून, मेंदूला हलका विद्युतप्रवाह देऊन बोलणं अडतं का ते बघत, बोलतं ठेवून गाठ काढायचं ठरलं.

त्यासाठी आधी चित्रं बघून नावं सांगायची तालीम झाली, मराठीत आणि कन्नडमध्ये. घरात आम्ही मराठी, पण दादाचा बाजार सगळा कन्नडमध्ये. गायीच्या चित्राला तो "आकळ" म्हणाला. थेरपिस्ट म्हैसूरकडच्या, त्यांच्या कागदावर "हसु" होतं, त्यांनी चूक मांडली. मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे आकळच म्हणतात." त्यांनी लगेच खोडून लिहून घेतलं. मी तेव्हा बोलले नसते, तर ऑपरेशनमध्ये बरोबर उत्तरही दोष ठरलं असतं. सीमाभागातल्या प्रत्येक घरातल्या माणसाने ही तालीम शेजारी बसून ऐकावी, असं मला कळकळीने वाटतं.

ऑपरेशनमध्ये कमानीच्या जागी प्रवाह दिल्यावर दादाचे शब्द अडकले. सर्जन तिथेच थांबले, गाठीचा पातळ पापुद्रा ठेवून दिला. पुढचे तीन आठवडे त्याचा उजवा हात जड होता, नंतर सैल झाला.

आता ठरावीक काळाने एमआरआय आहे. पुढच्या चिठ्ठीवर मी डॉक्टरांकडून ६४ दिशा असं लिहून घेतलंय, म्हणजे जुन्या नकाशाशी ताडून बघता येईल.