कुठला राउटर घेऊ?

‘ताई, आमच्याकडे वाय-फाय नीट येत नाही. एखादा चांगला राउटर सांगा ना.’ लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप चालू असताना मला हे विचारलं गेलंय. मी घरूनच काम करते आणि नात्यातल्या, इमारतीतल्या बऱ्याच घरांमध्ये जाऊन ही दुखणी पाहिली आहेत, म्हणून लोक मला विचारतात. त्यांना कंपनीचं नाव आणि किंमत हवी असते. मी मात्र आधी दोन गोष्टी विचारते. कुठल्या खोलीत येत नाही? आणि त्या खोलीत कोण बसतं?

हे दोन प्रश्न मला कुठे सुचले ते सांगते.

आमचं सासर लांज्याजवळ. जुनं कोकणी घर. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. भिंती चिऱ्याच्या, हातभर जाड. फायबर गावात आली तेव्हा जोडणी करायला आलेल्या मुलाने ओटीवर दाराशेजारी खिळा मारून कंपनीचा नेटचा डबा टांगला, कारण वायर तिथूनच आत शिरत होती. सासूबाईंची खाट माजघराच्याही पलीकडच्या खोलीत. गुडघ्यांमुळे त्यांना दोन उंबरे ओलांडून ओटीवर येणं जड जातं. नणंद टोरांटोला असते, तिचा रविवारी रात्री व्हिडिओ कॉल येतो. आईंच्या फोनवर लेकीचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने थिजायचा, आवाज तुटायचा, आणि दोन मिनिटांनी आई म्हणायच्या, ‘असूदे, पुढल्या रविवारी बोलू.’

सासऱ्यांना ते बघवेना. त्यांनी रत्नागिरीहून चार अँटेनांचा राउटर आणला. फरक पडला नाही. वर्षभराने सहा अँटेनांचा, पहिल्याच्या दुप्पट किमतीचा आणला. तो लावला त्याच खिळ्याशेजारी. गणपतीला आम्ही गेलो तेव्हा बाबांनी मला विचारलं, ‘याच्यापेक्षा चांगला कुठला?’

मी फोनवर सिग्नल मोजायचं एक फुकट ॲप टाकलं आणि घरभर फिरले. हे आकडे डीबीएम या सिग्नल मोजायच्या मापात येतात आणि उणे असतात. शून्याकडे जितके जवळ तितकं चांगलं. ओटीवर उणे ३८. माजघरात उणे ६४. आईंच्या उशाशी उणे ८३. दहाने आकडा खाली गेला की सिग्नलची शक्ती दहावा भाग उरते, म्हणजे माजघरापासून खाटेपर्यंतच्या त्या एका भिंतीने आणि थोड्या अंतराने मिळून जवळजवळ ऐंशी पट सिग्नल गिळला होता. साधारण उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो. ऐंशीच्या पलीकडे बोलणंच तुटतं.

मग सहा अँटेनांनी का भागलं नाही? याची कारणं दोन आहेत आणि दुसरं फारसं कुणी सांगत नाही. एक तर राउटरने किती ताकदीने प्रक्षेपण करायचं याला सरकारी मर्यादा असते, ती महागड्या राउटरलाही ओलांडता येत नाही. जास्तीच्या अँटेनांचा थोडा उपयोग होतो, पण त्या चिऱ्याची भिंत पातळ करत नाहीत. आणि दुसरं म्हणजे वाय-फाय हे दोघांमधलं बोलणं आहे. राउटरने कितीही मोठ्याने हाक मारली तरी आईंच्या फोनचं उत्तर परत ओटीपर्यंत पोचायला हवं, आणि फोनची अँटेना नखाएवढी, बॅटरी जपून वापरणारी. पडद्यावर तीन रेघा दिसत असतात आणि तरी काही उघडत नाही, असं होतं ते पुष्कळदा यामुळे.

आम्ही नवा राउटर घेतलाच नाही. वीस मीटर लॅन केबल आणली, दिराने माळ्यावर चढून तुळईच्या कडेने ती ओढली, आणि राउटर माजघरात, आईंच्या खोलीच्या दाराच्या अगदी समोर, डोक्याच्या उंचीवर फळीवर ठेवला. कंपनीचा डबा ओटीवर होता तसाच राहिला. खाटेपाशी आकडा आला उणे ५४. त्या रविवारी आई आणि नणंद पाऊण तास बोलल्या. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. राउटर घरातल्या सगळ्यात लांबच्या खोलीत बसणाऱ्या माणसासाठी घ्यायचा आणि तिथून मागे मोजत यायचं. हॉलमध्ये स्पीड टेस्ट करून त्याचा फोटो काढण्यात काही अर्थ नाही, हॉलमध्ये कुठलाही राउटर चालतो. लांबच्या खोलीत बहुतेक म्हातारं माणूस असतं किंवा दार लावून अभ्यास करणारं पोर असतं. आणि तक्रार करणारा माणूस हॉलमध्ये बसलेला असतो.

शहरातल्या फ्लॅटची गोष्ट वेगळी, पण फार वेगळी नाही. आमच्या कोथरूडच्या इमारतीत विटांच्या भिंती आहेत, त्यातून बरंच पार जातं. नव्या टॉवरमध्ये मात्र मायव्हन पद्धतीने बांधकाम होतं, तिथे आतल्या भिंतीही सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. अशा घरात ५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे वाय-फायच्या वेगवान पट्ट्याचा, सिग्नल दोन भिंतींपलीकडे नावापुरता उरतो. त्यात बिल्डरने फायबरची जागा काढलेली असते दारामागे, चपलांच्या कपाटात किंवा मीटरच्या पत्र्याच्या पेटीत. पत्र्याच्या पेटीत ठेवलेला राउटर म्हणजे तोंडावर हात ठेवून बोलणारा माणूस. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, मोठ्या आरशाशेजारी, माशांच्या टाकीमागे या जागाही टाळा. धातू आणि आरसा लाटा परतवतात, पाणी त्या शोषून घेतं. दांडीच्या अँटेना उभ्या ठेवा. लाट दांडीच्या चहूबाजूंना आडवी पसरते, टोकाच्या दिशेने जवळजवळ जात नाही. खोलीकडे नेम धरल्यासारखी अँटेना रोखून ठेवलेली मी कितीतरी घरांत पाहिली, आणि प्रत्येक ठिकाणी ती नुसती उभी केल्यावर आकडा चार-पाचने सुधारला.

एक गोष्ट खरेदीच्या आधी कराच. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. तिथेच शंभर एमबीपीएसच्या (सेकंदाला शंभर मेगाबिटच्या) प्लॅनला वीस मिळत असतील तर दोष वायरलेसचा नाही. नेटवाल्याला फोन करा, नवा राउटर घेऊन पैसे घालवू नका. केबलवर शंभर येतात आणि खोलीत वीस, असं असेल तरच पुढचं वाचा.

वाय-फायचे आपल्याकडे रोजच्या वापरातले पट्टे, म्हणजे लहरींचे बँड, दोन. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतींतून बरा पार होतो, पण त्यात गर्दी भयंकर. एकमेकांवर न चढणारी चॅनेलं, म्हणजे पट्ट्यातल्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या बेडरूममध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांची तेवीस नावं दिसतात. त्यात ब्लूटूथही तिथेच, मायक्रोवेव्ह चालू केला की त्याची गळतीही तिथेच. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे. २०१८ साली सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याविना खुला केला, तेव्हापासून तर जास्तच. वेग तिथे मिळतो, फक्त भिंतीपुढे तो लवकर दमतो. म्हणून इमारतीत राहत असाल तर दोन्ही पट्टे असलेलाच राउटर हवा, आणि २.४ चं चॅनेल १, ६, ११ पैकी जे मोकळं असेल ते स्वतः ठरवून द्या. बरेच राउटर ‘ऑटो’वर गर्दीतच जाऊन बसतात.

आता खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. खोक्यावर ‘एसी १२००’ लिहिलंय म्हणजे १२०० एमबीपीएस मिळणार असं दुकानदारही सांगतो. तो आकडा दोन पट्ट्यांची बेरीज असते, ३०० आणि ८६७, आणि साधारणपणे तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. तेही हवेतले कागदोपत्री आकडे. राउटरच्या खोलीतच बसून निम्म्याच्या आसपास मिळालं तर ते उत्तम समजा. याहून महत्त्वाची गोष्ट खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत असते: पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, कुठले आहेत. स्वस्तातल्या कित्येक राउटरना १०/१०० चे, म्हणजे फार तर शंभर एमबीपीएसचे, पोर्ट असतात. तुमचा प्लॅन दोनशेचा असला तरी त्या पोर्टातून पंच्याण्णवच्या वर काही आत येणार नाही, मग हवेत तो १२०० असो नाहीतर ३०००. आमच्याच मजल्यावरच्या एका काकांनी दीड वर्ष दोनशेच्या प्लॅनचे पैसे भरले आणि शंभराचा वेग वापरला, केवळ या एका पोर्टामुळे. गिगाबिट (हजार एमबीपीएसचे) पोर्ट लिहिलं नसेल तर तो राउटर परत फळीवर ठेवा.

वाय-फाय ६, म्हणजे या तंत्राच्या सहाव्या पिढीचा राउटर, आज घ्यावा. त्याची प्रमाणपत्रं २०१९ पासून दिली जाऊ लागली, आता साध्या किमतीतही तो मिळतो, आणि घरात पंधरा-वीस उपकरणं एकदम जोडलेली असली की तो त्यांना आळीपाळीने ताटकळत ठेवण्याऐवजी एकाच खेपेत बऱ्याच जणांना वाढतो. वाय-फाय ७ ची घाई करू नका. तुमचे फोन सहाचे किंवा पाचचे असतील तर सातचा राउटर त्यांच्याशी त्यांच्याच वेगाने बोलणार. तिसरा पट्टा ६ गिगाहर्ट्झचा, त्याच्या खालच्या भागाबद्दल आपल्या सरकारने मे २०२५ मध्ये नियमांचा मसुदा काढला. त्या पट्ट्यासाठी जास्त पैसे मोजणार असाल तर भारतात विकल्या जाणाऱ्या त्या मॉडेलमध्ये तो चालू आहे का, हे आधी लेखी विचारा. परदेशातून आणलेल्या राउटरच्या भानगडीत पडू नका. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या कुलपाची नवी पद्धत) असावं आणि कंपनी फर्मवेअरचे, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट देत असावी. या दोन गोष्टींवर मी तडजोड करत नाही, कारण घरातल्या सगळ्यांचे बँकेचे व्यवहार त्याच डब्यातून जातात.

मेश, म्हणजे एकच वाय-फाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे, घ्यावं का? तीन खोल्यांच्या विटांच्या घराला बहुधा गरज नसते, एक राउटर मधोमध पुरतो. मायव्हनच्या मोठ्या फ्लॅटला, दुमजली बंगल्याला, चिऱ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या घराला घ्यावं. पण मेशचे दोन डबे शक्यतो केबलनेच जोडा. ते हवेतूनच एकमेकांशी बोलत असतील तर दुसऱ्या डब्याला जेवढा सिग्नल पोचतो त्याहून चांगलं तो पुढे काय देणार? म्हणून तो सिग्नल नसलेल्या खोलीत ठेवायचा नसतो, तिच्या अलीकडे, जिथे अजून बरा सिग्नल आहे तिथे ठेवायचा. भिंतीतल्या प्लगला लावायचे स्वस्तातले छोटे रिपीटर तर बहुधा एकाच पट्ट्यावर ऐकतात आणि त्याच पट्ट्यावर पुढे सांगतात, त्यात वेग निम्म्यावर येतो. मी कुणालाच ते घ्यायला सांगत नाही.

वाचलेल्या पैशांतून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, पण आधी तुमच्या राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून. लांज्याला पावसात वीज दिवसातून चारदा जाते. दिवे गेले तरी फायबर बहुतेक वेळा चालू असते, बंद पडतो तो आपला डबा. तिथे दोन यूपीएस लागले, एक ओटीवरच्या डब्याला आणि एक माजघरातल्या राउटरला.

आणि बाबांनी आधी आणलेला तो चार अँटेनांचा राउटर? मे महिन्यात आम्ही तो मागच्या पडवीत लावला. त्याची केबल इंटरनेटच्या पोर्टाऐवजी लॅनच्या पोर्टात घातली, त्याचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता बदलून दिला, जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटायचं (डीएचसीपी) त्याचं काम बंद केलं, आणि नाव-पासवर्ड माजघरातल्या राउटरचाच ठेवला. आता तो नुसता दुसरं तोंड म्हणून काम करतो. दुपारी बाबा तिथे सुपारी सोलत बसतात आणि फोन बाजूला टेकवून बातम्या ऐकतात.