पाच किलो गेले कुठे?

महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे सेवा केंद्रावर रेशनचीच गर्दी. आजींनी आल्या आल्या केशरी कार्ड टेबलावर टाकलं. "घरात पाच माणसं. पंचवीस किलो पाहिजेत. दुकानदारानं वीसच घातले. बघ बाबा, कंप्युटरात काय लिवलंय."

हिशेब चोख होता. आजींसारख्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो. अंत्योदयाला, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांना, माणसं कितीही असोत, कार्डामागे ३५. गहू-तांदळाचं प्रमाण बदलत राहतं, म्हणून आधी एकूण किलो मोजावेत.

पहिलं घोडं क्रमांकावर अडतं. कार्डावर पेनानं लिहिलेला जुना क्रमांक 'महाईपॉस' या रेशनच्या सरकारी संकेतस्थळाला कळत नाही. लागतो तो १२ आकडी एसआरसी क्रमांक. तो रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या, म्हणजे ई-पॉस मशीनच्या पावतीवर असतो. आजींची पावती बटव्यात चार घड्या होऊन पडलेली, शेवटचे दोन आकडे पुसट. थर्मल कागदाचं हे असंच, पावती मिळाली की मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मागच्या महिन्याच्या पावतीवरून क्रमांक पुरा केला.

महाईपॉसवर 'आरसी डिटेल्स' उघडायचं, महिना आणि वर्ष निवडायचं, क्रमांक टाकायचा. महिना निवडताना हमखास चूक होते. वाटप लांबलं असेल तर धान्य ज्या महिन्याचं आहे तो निवडायचा, ज्या महिन्यात घरी आलं तो नव्हे. नाहीतर तक्ता रिकामा दिसतो आणि लोक तिथूनच भांडायला निघतात.

वरच्या तक्त्यात पाचही नावं होती. म्हणजे नाव गळून युनिट कमी झालं, असंही नव्हतं. बरेच जण इथंच थांबतात. खरी गोष्ट खालच्या, व्यवहारांच्या तक्त्यात असते: कोणाच्या नावावर, कोणत्या दुकानातून, कोणत्या तारखेला, किती.

तिथे दोन ओळी होत्या. दुसरी आजींची, वीस किलो. पहिली ४ तारखेची, पाच किलो, धाकट्या मुलाच्या नावावर. दुकान क्रमांक मात्र वेगळाच.

"धाकटा कुठं असतो?"

"चाकणला. कंपनीत."

'एक देश, एक रेशन कार्ड'मुळे माणूस असेल तिथल्या दुकानात अंगठा देऊन आपल्या वाट्याचं उचलू शकतो. राहिलेलं घरच्यांना गावात मिळतं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. पैसे पडत नाहीत, म्हणून घरात विषयही निघत नाही. ही शिल्लक बँकेसारखी साठतही नाही. मुदतीत उचललं नाही की त्या महिन्याचं गेलं.

दुकान गावातलंच निघालं असतं आणि घरातल्या कुणी अंगठा दिलेला नसता, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा त्या ओळीचा स्क्रीनशॉट घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत जायचं, किंवा १९६७ नाहीतर १८००-२२-४९५० वर तक्रार नोंदवायची.

फोन स्पीकरवर लावला. "अगं आई, खोलीवर आम्ही चौघं मिळून रांधतो. माझ्यापुरतंच घेतलं."

आजींनी पावतीची परत घडी घातली.

"म्हंजे बरोबर दिलं होतं दुकानदारानं," त्या म्हणाल्या. "आन् मी चार माणसांत त्याला नको नको ते बोलून आले."