होज काढतानाची दोन मिनिटे

माझ्या भाच्याने सातपूरच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण केला आणि या हिवाळ्यात त्याला नाशिकजवळ ओझरला विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागेवर, काम मिळाले. १९६४ साली मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आमच्या भागात त्या गावाला ‘ओझर मिग’ असेच म्हणतात. द्राक्षबागांवरून जाणाऱ्या लढाऊ विमानांचा आवाज ऐकतच आमची पिढी वाढली, त्यामुळे विमानाचे कौतुक घरात कोणालाही नव्याने वाटले नाही. पहिल्याच रविवारी जेवताना भाच्याने मला सहज विचारले, “मामा, ट्रॅक्टरची बॅटरी उतरल्यावर दुसरी लावून स्टार्ट मारतो, तसेच ना हे विमानाला बाहेरचे मशिन लावून सुरू करणे?” मुंबईच्या रॅम्पवर तेवीस वर्षे घालवलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर एका घासात देता आले नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे.

त्याची तुलना अगदीच चुकीची नव्हती. एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानाला एपीयू, म्हणजे जमिनीवर असताना वीज आणि हवा पुरवणारे विमानातलेच छोटे इंजिन, नसतो आणि त्याचे इंजिन विजेवर चालणाऱ्या स्टार्टरने फिरते, त्यामुळे निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तशा पहाटे विमानाच्या स्वतःच्या बॅटरीवर भार टाकण्याऐवजी २८ व्होल्ट डीसीचा जीपीयू, म्हणजे बाहेरून वीज देणारे मशिन, लावलेला बरा. मोठ्या जेट विमानाचे गणित वेगळे असते. त्याला ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची तीन फेजची वीज लागते, पण ती दिवे, संगणक आणि कॉकपिट जागते ठेवण्यासाठी. इंजिन फिरवण्याचे काम हवेच्या दाबावर चालणारा स्टार्टर करतो. एरवी ही हवा विमानाचा एपीयू पुरवतो. तो नादुरुस्त असला की एएसयू नावाचे यंत्र बोलावतात आणि जाड होजमधून, म्हणजे लवचिक पाइपमधून, बाहेरची हवा देतात.

जीपीयूबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यातील काळजी वायरमनला नवी नाही. एसी विजेच्या प्लगला चार मोठ्या आणि दोन छोट्या अशा सहा पिना बसतात. छोट्यांमधून वीजपुरवठा होत नाही. प्लग ओढला की त्या आधी सुटतात आणि मशिनचा कॉन्टॅक्टर पडून वीज तुटते, म्हणजे मोठ्या पिनांवर ठिणगी उडत नाही. ही सोय आहे म्हणून चालू भारावर प्लग ओढण्याची सवय ज्यांना लागते, त्यांच्या प्लगची भोके काही महिन्यांत सैल होतात, सैल भोके तापतात आणि प्लगचे रबर तपकिरी पडू लागते. असा प्लग दिसला की तो विमानाला न लावता बाजूला ठेवावा. केबलचा भार विमानाच्या सॉकेटवर लोंबकळू देऊ नये आणि मशिनच्या चाकांना चोक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लावल्याशिवाय केबल उलगडू नये, एवढे पुरे.

खरे बोलायचे आहे ते एएसयूबद्दल. त्याचा दाब साधारण ४० पीएसआय असतो हे ऐकून भाचा हसला. बागेत फवारणी करणाऱ्या एचटीपी पंपाचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो आणि त्याचा पाइप फुटलेला त्याने अनेकदा पाहिला आहे. परंतु पाणी दबत नाही, म्हणून पाइप फुटला की दाब क्षणात संपतो. दाबलेली हवा मात्र सुटल्यावरही फुगत राहते आणि मोकळ्या होजला चाबकासारखी फिरवते. होजचे तोंड तीन इंच व्यासाचे, म्हणजे सुमारे सात चौरस इंचांचे असते. त्याला चाळीसने गुणले की दोनशे ऐंशी पौंड, म्हणजे जवळजवळ सव्वाशे किलोचा रेटा होज विमानाला जोडणाऱ्या कपलिंगवर असतो आणि त्यातली हवा दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असू शकते. ही आकडेमोड मी त्याला पत्रावळीच्या मागे करून दाखवली, तेव्हा त्याचे हसणे थांबले.

होज जोडताना इंजिन थंड असते, आजूबाजूला शांतता असते आणि माणूस सावध असतो, त्यामुळे जोडण्यात फारसे चुकत नाही. मी चुकलो तो काढताना. इंजिन ठरावीक वेगाला, बहुतेक जेटमध्ये निम्म्याच्या आसपास पोहोचले की स्टार्टरचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. विमानात होज जोडतात तेथील चेक व्हॉल्व्ह हवा उलट येऊ देत नाही. आणि आपण मशिनवरचा व्हॉल्व्ह बंद केला की मधल्या होजमध्ये हवा दोन्ही बाजूंनी कोंडली जाते. मशिन मंदावते, आवाज उतरतो आणि काम संपल्याचा भास होतो. मी त्या भासावर विसंबलो, कोंडलेली हवा सोडणारा डंप व्हॉल्व्ह उघडला नाही, गेज शून्यावर आले का ते पाहिले नाही आणि कपलिंगचा लिव्हर उचलला. ते कपलिंग माझ्या उजव्या नडगीवर आदळले. तीन महिने प्लास्टर होते आणि थंडीत तो पाय अजून ठणकतो.

नडगीवर निभावले, कारण मी इंजिनापासून दूर होतो. बोइंग ७३७ मध्ये होजची जोडणी पोटाच्या उजव्या बाजूला असते, म्हणून बाहेरच्या हवेवर सुरू करताना आधी डावे, एक नंबरचे इंजिन सुरू करतात; होज काढणाऱ्या माणसाच्या बाजूचे इंजिन तोपर्यंत बंद राहते. दुसरे इंजिन नंतर पहिल्याच्या हवेवर सुरू होते, आणि त्यासाठी पहिल्याचा जोर वाढवावा लागत असल्यामुळे मागची जागा मोकळी असावी लागते. हा क्रम कोणाच्या सोयीसाठी नसून होज काढणाऱ्यासाठी आखलेला आहे, हे त्या माणसालाच अनेकदा माहीत नसते.

एपीयू बंद असलेल्या दिवशी सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला क्रम मोडतो. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात माँटगोमेरी येथे एक एम्ब्रेअर १७५ विमान उतरून जागेवर आले. त्याचा एपीयू बंद होता, म्हणून बाहेरची वीज जोडली जाईपर्यंत वैमानिकांनी इंजिने चालू ठेवली होती. बीकन, म्हणजे इंजिन चालू असल्याचा इशारा देणारा विमानाचा दिवा, लुकलुकत होता, कर्मचाऱ्यांना आधी सूचनाही दिलेल्या होत्या, तरीही विमानाभोवती सुरक्षेचे शंकू (कोन) ठेवायला गेलेली एक कर्मचारी इंजिनात ओढली जाऊन मरण पावली. इंजिन आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी वेगावर, असतानाही तोंडाजवळ आलेल्या माणसाला ओढते आणि कानाला मफ असल्यामुळे कोणते इंजिन चालू आहे हे आवाजावरून कळत नाही. बीकनकडे पाहणे एवढाच उपाय उरतो.

म्हणून मी भाच्याला दोन गोष्टी बजावल्या. पहिली मफलरची. ओझरच्या पहाटेला मफलर आणि कानटोपीशिवाय बाहेर पडणारा माणूस विरळा. पण इंजिनाजवळ गळ्यात सुटे काही नको, ओळखपत्राची दोरीसुद्धा शर्टाच्या आत हवी. यावर बहिणीने मला रागाने पाहिले, कारण तो मफलर तिनेच विणलेला होता. दुसरी गोष्ट परवानगीची. डाव्या तळव्याला उजव्या हाताची बोटे टेकवून डोक्यावर ‘टी’ करायचा आणि उजवा हात बाजूला न्यायचा, ही वीज काढण्याची खूण आहे. मात्र वीज वैमानिकाची संमती मिळाल्यावरच काढायची असते आणि वैमानिकाशी बोलणारा हेडसेटवाला एकच असतो. सुपरवायझरने दुरून हात हलवला, इंडिगोची पुढची बस लागली, उशीर झाला, यांपैकी काहीही संमती नव्हे. त्याचप्रमाणे स्टार्ट अर्ध्यावर असताना आपल्या मनाने हवा कमी करायची नाही, कारण इंधन पेटलेले आणि वेग न गाठलेले इंजिन आतून तापत जाते.

संमती आल्यावर व्हॉल्व्ह बंद, डंप उघडा, गेज शून्य, मग जाड हातमोज्यांनी लिव्हर. त्यानंतर विमानाच्या जोडणीवरचे झाकण लावून ते हाताने एकदा दाबून पाहायचे आणि ज्या वाटेने आत गेलो त्याच वाटेने बाहेर यायचे. भाच्याने हे सारे वहीत उतरवून घेतले आणि जाताना मफलर आमच्याकडेच खुंटीवर ठेवून गेला.