तिसरी बॅटरी

नवतपा, म्हणजे मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, लागून दोनच दिवस झाले होते. नागपुरात सक्करदऱ्यातल्या माझ्या गॅरेजसमोर तो दुचाकी ढकलत आला. बुटीबोरीला कंपनीत जाणारा माणूस. "भाऊ, वर्षात दोन बॅटऱ्या खाल्ल्या हिनं. आता तिसरी विकता का मले?"

दुसरी मीच विकली होती. काय बोलणार!

बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली. सकाळी काढली, तासभर तशीच राहू दिली आणि मीटर लावला: १२.७ व्होल्ट. सेल्फ मारताना १०.६ च्या खाली गेली नाही, म्हणजे बॅटरी ठणठणीत. चार हजार आरपीएमला चार्जिंग १४.२, तेही बरोबर. मग मॅग्नेटो, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग. त्याच्या तिन्ही पिवळ्या वायरी आणि गाडीची बॉडी यांत एकेक करून मीटर लावून पाहिला. वायर कुठं बॉडीला टेकली असती तर तो वाजला असता, पण मीटर मुका.

"बिघडते कधी?"

"सकाळी काहीच नाही न जी. दुपारी ड्युटीवरून घरी आलो, का सेल्फ टक् करून गप्प."

दुपारी! हे मी मागच्या वेळी विचारलंच नव्हतं.

अडीच वाजता डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि वर्धा रोडनं जामठ्यापर्यंत जाऊन आलो. हवा अशी, की तोंडावर भट्टीचं दार उघडलंय. गॅरेजात इंजिन बंद न करताच मीटर लावला. चार हजारला १२.३! म्हणजे चार्जिंग बंद, आणि २०१७ नंतरची गाडी, हेडलाइटला बटणच नाही, इंजिन चालू की तो चालू. दिवसाढवळ्या ३५ वॅटचा बल्ब बॅटरी पीत बसलेला.

पिवळ्या वायरींचा जोड (कपलर) सोडवून दोन-दोन वायरींमधले एसी व्होल्ट मोजले. तिन्ही जोड्यांत सारखे यायला हवेत, पण एका जोडीत ६१, उरलेल्या दोन्हींत ३५ च्या आसपास. इंजिन बंद करून परत वायर आणि बॉडीत मीटर लावला, तर सकाळी मुका असलेला मीटर आता टूंऽऽ करून ओरडला.

कव्हर खोललं. जळक्या ऑइलचा वास आला. मॅग्नेटोच्या आतल्या कॉइलच्या काही खांबांवरची तार कोळशासारखी काळी, नखानं खरडलं तर वार्निशचे पापुद्रे निघाले. तापलं की तारेचे वेढे एकमेकांना आणि लोखंडाला टेकायचे, थंड झालं की सुटायचे. सकाळच्या चेकिंगमध्ये हा बिघाड सापडणार कसा?

नवी कॉइल टाकली, पुन्हा जामठ्याची फेरी मारली. १४.१.

तो जुनी कॉइल हातात घेऊन उलटसुलट पाहत होता. "मंग भाऊ, माही आधीची बॅटरी चांगलीच होती न?"

ती मी केव्हाच भंगारात तोलून टाकली होती. मजुरी घेतली नाही.